गाडी ओढत नाही? कन्व्हर्टर बदलण्याआधी थांबा

“भाऊ, गाडी वढत नही,” एवढं सांगून चावी गॅरेजवाल्याच्या हातात दिली की पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. एअर फिल्टर बदलला जातो, मग प्लग, मग क्लचप्लेटवर संशय जातो. शेवटी कुणीतरी स्कॅनर लावतो, पडद्यावर पी०४२० असा कोड उमटतो आणि निकाल ऐकायला मिळतो: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, नवा टाकावा लागेल. आकडा ऐकून मालकाचा चेहरा उतरला की लगेच दुसरा उपाय पुढे येतो, “एवढा खर्च कशाला? आतली जाळी फोडून देतो, गाडी पळायला लागेल.”

जळगाव-धुळ्याच्या गाडीमालकांनी या दोहोंपैकी कशालाही हो म्हणण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. कन्व्हर्टर आपणहून फारसा बिघडत नाही. त्यात फिरणारा, घासणारा, झिजणारा एकही भाग नसतो. निगा राखलेल्या गाडीत तो लाखभर किलोमीटर सहज काढतो, अनेकदा गाडीच्या आयुष्याइतका टिकतो. तो निकामी झाला असेल, तर त्याच्या आधी इंजिनात काहीतरी बिघडलेलं असतं आणि त्या बिघाडाने त्याचा जीव घेतलेला असतो. तो बिघाड तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो आणि दोष मात्र ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुकानदारावर जातो.

हा डबा करतो काय? इंजिनातून निघणाऱ्या धुरात तीन घातक गोष्टी असतात: अर्धवट जळलेल्या इंधनातून आलेला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. कन्व्हर्टरच्या स्टीलच्या आवरणात मधाच्या पोळ्यासारखी, बारीक उभ्या नळ्यांची सिरॅमिकची वीट असते. त्या नळ्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. वीट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की काम सुरू होतं आणि या तिन्ही विषांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजनमध्ये होतं. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण अगदी नेमकं असेल तरच हे जमतं. शुद्ध पेट्रोलसाठी ते एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा असं असतं. हे प्रमाण सांभाळण्यासाठी कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो, आणि कन्व्हर्टर काम करतोय का हे पाहण्यासाठी त्याच्या नंतर दुसरा.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. त्याच वेळी तिथे शिसंविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिशाचा लेप बसला की हे धातू कायमचे निकामी होतात. शिसंविरहित पेट्रोल देशभर पोचायला २००० साल उजाडलं. बीएस-४ निकष १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ निकष १ एप्रिल २०२० ला देशभर लागू झाले, आणि प्रत्येक पायरीला कन्व्हर्टर इंजिनाच्या अधिक जवळ सरकत गेला. आजच्या बऱ्याच गाड्यांत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. त्यामुळे तो लवकर तापतो, आणि बदलायचा खर्चही वाढतो.

आता निदानाकडे. कन्व्हर्टर दोन वेगवेगळ्या प्रकारे जातो, आणि गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ या दोन्हींची सरमिसळ केल्याने होतो.

पहिला प्रकार म्हणजे चोक होणं. आतली वीट वितळते किंवा तुटून तिचे तुकडे आडवे बसतात, आणि धुराला बाहेर पडायला वाट उरत नाही. इंजिन श्वास सोडू शकत नाही म्हणून घेऊही शकत नाही. गावात फिरताना फारसं जाणवत नाही. पण चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलं, किंवा धुळ्याहून मालेगावच्या दिशेने लळिंगचा चढ आला की गाडीचा दम सुटतो. ॲक्सिलरेटर दाबावा तर आवाज वाढतो, वेग वाढत नाही. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापतं, काही वेळा सुरू होऊन लगेच बंद पडतं. तुटलेले तुकडे सैल असतील तर खालून खडखड ऐकू येते. गाडी पूर्ण थंड असताना डब्यावर रबरी हातोडीने हलकेच टिचकी मारली की हा आवाज स्पष्ट होतो. फक्त वरचा पत्र्याचा हीट शील्ड सैल झाला तरी असाच आवाज येतो, म्हणून आधी तो हाताने धरून पाहावा.

दुसरा प्रकार म्हणजे निष्क्रिय होणं. वीट शाबूत असते, धूर मोकळा जातो, गाडी उत्तम पळते, पण धातूच्या थराची ताकद संपलेली असते. इथे मालकाला कळतं ते फक्त डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या लाइटमुळे किंवा पीयूसीत आकडा वाढल्यामुळे. म्हणजे गाडी ओढत नाही आणि स्कॅनरवर पी०४२० आहे, या दोन गोष्टींचं कारण एकच असेलच असं नाही. पिकअप गेला असेल तर आधी चोक तपासायचा. फक्त लाइट लागला असेल तर तपास वेगळा.

चोक तपासण्याची खात्रीची पद्धत बॅक प्रेशर मोजण्याची आहे. इंजिन थंड असताना कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढायचा, त्याच्या जागी जोडणी लावून प्रेशर गेज बसवायचा आणि इंजिन सुरू करायचं. आयडलवर काटा साधारण दीड पौंडाच्या आत राहायला हवा, आणि २,५०० आरपीएमला तीन पौंडांच्या खाली. त्याच्या वर गेला, आणि रेस धरून ठेवल्यावर चढतच राहिला, तर धूर कुठेतरी अडला आहे. तो कन्व्हर्टरमध्येच अडलाय की मागच्या सायलेन्सरमध्ये, हे ठरवायला कन्व्हर्टरच्या मागचा जोड सैल करून पुन्हा मोजावं. प्रेशर तसंच राहिलं तर दोष कन्व्हर्टरचा. उतरलं तर सायलेन्सर जाम आहे, आणि तो बराच स्वस्तात बदलतो. हा गेज फार महाग नसतो. कन्व्हर्टर बदलायला सांगणाऱ्या गॅरेजला तुम्ही सरळ विचारा, “बॅक प्रेशर किती आलं?” आकडा सांगता आला नाही, तर चोक मोजला गेलेला नाही, अंदाज केला गेला आहे.

काही जुने मेकॅनिक व्हॅक्यूम गेज वापरतात, तेही चांगलं. निरोगी इंजिनात आयडलला व्हॅक्यूम साधारण १७ ते २० इंच दिसतो. रेस करून २,५०० वर धरल्यावर तो थोडा हलून स्थिर व्हायला हवा. तो हळूहळू खाली सरकत राहिला, तर मागे वाट बंद होत आहे. लेझर थर्मामीटरने डब्याच्या दोन्ही टोकांचं तापमान मोजून निकाल देणारेही भेटतात. आजच्या स्वच्छ जळणाऱ्या इंजिनात तो फरक मुळातच कमी असतो, म्हणून त्या एका आकड्यावर हजारो रुपये खर्चू नका.

आता पी०४२०. या कोडचा अर्थ ‘कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या पातळीखाली गेल्याचं गाडीच्या संगणकाला वाटतं आहे’ एवढाच. आपल्याकडे एप्रिल २०१३ नंतरच्या मोटारींत ओबीडी-२ ही गाडीने स्वतःचे दोष ओळखण्याची पद्धत आली, तेव्हापासून हा कोड भेटू लागला. संगणकाला हे ‘वाटतं’ ते मागच्या सेन्सरच्या सांगण्यावरून. म्हणून आधी सोबतचे कोड पाहा. पी०३०० ते पी०३०४ यांतला एखादा असेल तर इंजिन मिसिंग करत आहे. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त. यांतला कोणताही कोड असेल तर पी०४२० कडे सध्या दुर्लक्ष करा, आधी तो दोष काढा, कोड पुसा, गाडी आठवडाभर चालवा. अनेक वेळा पी०४२० परत येतच नाही.

दुसरा कोड नसेल तर एक्झॉस्टची गळती शोधा. मॅनिफोल्डचं पॅकिंग फाटलेलं असेल, किंवा सेन्सरच्या जवळ वेल्डिंगला बारीक चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर चुकीचं बोलू लागतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताच येणारा ‘फट फट’ आवाज, किंवा जोडाजवळ दिसणारी काळी काजळी ही त्याची खूण. यानंतर स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडा. इंजिन पूर्ण तापवा, २,५०० वर धरा. बीएस-४ काळातल्या बहुतेक गाड्यांत पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होतो. मागचा ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहिला तर कन्व्हर्टर काम करतोय. मागचाही पुढच्यासारखाच नाचू लागला तर तो निष्क्रिय झाला आहे. बीएस-६ गाड्यांत पुढे बहुधा वेगळ्या जातीचा सेन्सर असतो, तिथे हे आकडे जुळणार नाहीत. मागच्या सेन्सरचं वागणं पाहण्याची रीत मात्र तीच. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा, दिसतो, तोही पाहून घ्या. तो उणे-अधिक दहा टक्क्यांच्या पलीकडे गेला असेल तर मिश्रण बिघडलेलं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून जुन्या गाडीत ट्रिम थोडा वर दिसणं साहजिक आहे. तेवढ्यावरून सेन्सर बदलू नका.

पीयूसीचा कागदही निदानाचं साधन आहे, आणि तो घरातच पडलेला असतो. त्यावर मोजलेले आकडे छापलेले असतात. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल मोटारीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवेत. रेस धरून मोजताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.२ टक्के, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान. दोन-तीन वर्षांचे कागद शेजारी ठेवा. आकडे हळूहळू चढत आले असतील तर कन्व्हर्टर म्हातारा होत आहे, एकदम उडी मारली असेल तर इंजिनात नवा दोष आला आहे. अर्थात पाइपमध्ये प्रोब घालून खरंखुरं मोजलं असेल तरच. नुसता नंबरप्लेटचा फोटो काढून मिळालेला कागद निदानाला निरुपयोगी आहे, आणि तो देणारा तुमचंच नुकसान करतो.

निदान झालं, कन्व्हर्टर खरोखर गेलेला निघाला, तरी लगेच पार्ट मागवू नका. आता मारेकरी शोधायचा.

सगळ्यात मोठा मारेकरी मिसिंग. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही की तिथलं पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. तापमान हजार अंशांच्या पलीकडे जातं, धातूचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून निकामी होतात. आणखी तापलं, १,४०० अंशांच्या वर गेलं, की सिरॅमिकही वितळतं. म्हणून डॅशबोर्डवरचा इंजिनाचा लाइट लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ ‘नंतर दाखवू’ असा घेऊ नका. स्थिर लाइटवर गाडी गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकणाऱ्या लाइटवर रेस न देता जवळच थांबावं. पाळधीला लाइट लुकलुकायला लागला आणि तुम्ही तसेच एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत गेलात, तर काही शे रुपयांच्या प्लगने किंवा एखाद्या इग्निशन कॉइलने सुटणारं दुखणं कन्व्हर्टरपर्यंत पोचलेलं असेल.

याच प्रकारातल्या दोन सवयी आपल्याकडे फार रुजल्या आहेत. बॅटरी उतरली की चार जणांना गोळा करून धक्का स्टार्ट करायचा. कार्ब्युरेटरच्या काळात ते ठीक होतं. आता प्रत्येक फसलेल्या धक्क्यात कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये साठतं आणि इंजिन धडधडून सुरू झालं की तिथे पेटतं. कन्व्हर्टरवाली गाडी जम्पर केबलनेच सुरू करावी. दुसरी सवय मेकॅनिकची: कुठला सिलिंडर मरतोय हे पाहायला चालू इंजिनाची एकेक कॉइल काढून ठेवायची. हेच काम स्कॅनर करतो, किंवा इंजेक्टरचा कनेक्टर काढला तर पेट्रोलच बंद होतं आणि कन्व्हर्टर वाचतो. तुमच्या समोर कुणी कॉइल काढून मिनिट-मिनिट इंजिन चालवत असेल तर नम्रपणे थांबवा.

दुसरा मारेकरी ऑइल. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सील गेल्या की ऑइल जळतं, आणि ऑइलमधला फॉस्फरस आणि जस्त धातूच्या थरावर बसतं. दर हजार किलोमीटरला ऑइल वर भरावं लागत असेल, तर नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे पैसे जाळणं आहे. आधी इंजिनाचं काम करा.

तिसऱ्याचं मूळ आपल्या उन्हात आणि पाण्यात आहे. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांवर जातो. रेडिएटरमध्ये कूलंट कमी झाला की आपण बोअरचं पाणी ओततो. खानदेशात ते बहुतेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, इंजिन तापू लागतं, एके दिवशी हेड गॅस्केट जातं आणि कूलंट सिलिंडरमधून एक्झॉस्टमध्ये उतरतो. त्यातली रसायनं सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्हींवर थर चढवतात. सकाळी धुरात पांढरी वाफ बराच वेळ टिकत असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हा धागा तपासा. रेडिएटरमध्ये योग्य कूलंट आणि डिस्टिल्ड पाणीच वापरा.

इंधनभेसळ हा जुना, आणि उत्तर महाराष्ट्राला जिव्हारी लागलेला विषय. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला तेलचोर आणि भेसळखोरांना अडवणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. अशा भेसळीतलं रॉकेल गाडीत नीट जळत नाही, मिसिंग होतं, आणि त्यातलं गंधक कन्व्हर्टरची ताकद कमी करतं. एखाद्या पंपावर भरल्यानंतर लगेच गाडी बिघडली तर बिल जपून ठेवा. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनतेची नोंद मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. हक्क मागायला संकोचू नका.

उरलेले दोन लहान मारेकरी. एक, ऑइल पॅन बसवताना फासलेला चुकीच्या प्रतीचा सिलिकॉन. सेन्सरसाठी सुरक्षित असं लिहिलेलाच वापरावा. दोन, खालून बसलेला मार. शेतरस्त्याच्या मधल्या उंचवट्याला किंवा गतिरोधकाला डबा घासला की आतली वीट तडकते. डब्यावर पोचा दिसला तर कारण वेगळं शोधायला नको.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांचा तपास थोडा कडक करावा. गॅसला ठिणगी जोरकस लागते, म्हणून झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो आणि गॅसवर मिसिंग करतो. त्यामुळे प्लग कंपनीने सांगितलेल्या अंतराला, न चुकता बदला. डिझेल गाड्यांचं प्रकरण निराळं आहे. बीएस-६ डिझेलमध्ये ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टसोबत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्याची काजळी जाळायला गाडी अधूनमधून महामार्गावर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं पळवावी लागते. फक्त गल्लीबोळात फिरणारी डिझेल गाडी ‘चोक’ झाली, तर तिथे कन्व्हर्टर बदलण्याआधी कंपनीच्या स्कॅनरने रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळण्याचं काम, करून पाहावं.

मारेकरी सापडला, दुरुस्त झाला. आता पार्ट. सगळ्यात आधी मालकपुस्तिकेतलं ‘एमिशन वॉरंटी’चं पान उघडा. बऱ्याच कंपन्या मोटारीला ३ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटर अशी वेगळी हमी देतात आणि कन्व्हर्टर तिच्यात येतो. सर्व्हिसची नोंद आणि वैध पीयूसी मागितलं जातं, म्हणून ते कागद फेकू नका. हमी संपली असेल तर चासी नंबर देऊन कंपनीच्या पार्टचा नेमका नंबर आणि किंमत लेखी घ्या. मॅनिफोल्डसकट येणारा कन्व्हर्टर दहा हजारांच्या पटीत जातो हे खरं. बाजारात काही हजारांतही मिळतात, पण त्यांतल्या अनेकांत मौल्यवान धातू नावापुरता असतो. बसवल्यावर लाइट विझतो आणि काही महिन्यांनी परत पेटतो. बाहेरचा घ्यायचाच असेल तर तुमच्या गाडीच्या बीएस निकषासाठी बनवलेला, लेखी हमी देणारा, पक्क्या बिलाचा घ्या. भंगारातल्या गाडीतून काढलेला जुना घेऊ नका. त्याला काय झालं होतं हे तुम्हाला कुणीही सांगू शकणार नाही.

आणि जाळी फोडून डबा पोकळ करण्याचा मार्ग? मी त्याला स्पष्ट विरोध करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार प्रदूषण निकष मोडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदही होऊ शकते, आणि गाडीत बेकायदा बदल केल्याची कारवाई वेगळी. पण दंडापेक्षा मोठं कारण दुसरं आहे. पोकळ डब्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड तुमच्याच गल्लीत, शाळा सुटल्यावर व्हॅनमागे उभ्या असलेल्या मुलांच्या उंचीवर सुटतो. शिवाय मागचा सेन्सर तक्रार करतच राहतो, मग त्याला फसवणारा तुकडा जोडला जातो, आणि पुढे इंजिनाचा खरा दोष आला तरी लाइट लागत नाही.

बदलण्याचं काम अवघड नाही, पण घाईचं नाही. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. चालू गाडीचा कन्व्हर्टर कित्येकशे अंशांवर असतो, हात भाजला तर कातडी सोलते. आदल्या संध्याकाळी गंजलेल्या नट-बोल्टांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी फक्त जॅकवर उचलून कुणीही खाली शिरू नये. दोन्ही बाजूंना जॅक स्टँड हवेत, नाहीतर रॅम्पवरच घ्यावी. सेन्सर काढायला वायरसाठी खाच असलेला खास सॉकेट मिळतो, त्यानेच काढा. साध्या पान्याने कडा गोल होतात आणि चांगला सेन्सर वाया जातो. बोल्ट हलत नसेल तर ताकद लावून स्टड तोडण्यापेक्षा गरम करून सोडवा. जवळ पेट्रोलची पाइप आहे हे गॅस कटर हातात घेण्याआधी पाहा. जुना डबा फुटलेला असेल तर आतली भुकटी नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

नवा बसवताना डब्यावरच्या बाणाची दिशा धुराच्या दिशेने, म्हणजे मागे असावी. प्रत्येक जोडाला नवं गॅस्केट लावा. जुनं ‘चांगलं आहे’ म्हणून परत लावलं की तिथूनच गळती होते आणि पी०४२० परत येतो. सेन्सरच्या आट्यांना अँटी-सीझ अगदी थोडं, टोकाला मुळीच नाही. आधी सगळे बोल्ट हाताने, मग पुढून मागे घट्ट करत यावं, म्हणजे पाइपला ताण राहत नाही. रबरी हँगर सुकलेले असतील तर आत्ताच बदला. हीट शील्ड काढून फेकण्याची पद्धत आहे, ती सोडा. शील्ड नसेल तर वरच्या फ्लोअरचा गालिचा आणि शेजारच्या वायरी तापतात.

ही शील्ड शेतकऱ्याच्या गाडीला तर हवीच हवी. वाळलेलं गवत, पऱ्हाटी, कडबा, केळीची सुकलेली पानं यांच्यावर तापलेली गाडी उभी करू नका. मार्च ते जूनमध्ये खळ्यात किंवा बांधावर गाडी लावायची असेल तर मोकळी माती बघून लावा. शील्ड नसलेला कन्व्हर्टर खालच्या काडीकचऱ्याला पेटवू शकतो, आणि गाडीसोबत रचलेला चाराही जाऊ शकतो. पावसाळ्यात याच्या उलट: लांबून पळवत आणलेली गाडी लगेच साचलेल्या पाण्यात घालू नका. एकदम थंड झाल्याने वीट तडकण्याचा धोका असतो.

काम झाल्यावर कोड पुसून लगेच ‘झालं’ म्हणणं चूक. संगणकाला स्वतःची तपासणी पूर्ण करायला थंड सुरुवात, थोडं गावातलं आणि थोडं एकसारख्या वेगाचं चालवणं लागतं. सकाळी जळगावहून निघून राष्ट्रीय महामार्ग ५३ ने पाळधी, एरंडोलपर्यंत शांतपणे जाऊन या, धुळेकरांनी पारोळ्यापर्यंत. दोन-तीन दिवस असं केल्यावर स्कॅनरवर कॅटॅलिस्टची तपासणी ‘पूर्ण’ दिसते का पाहा. ती पूर्ण झाली, कोड नाही, मागचा सेन्सर स्थिर, आणि प्रोब घालून केलेल्या पीयूसीत आकडे मर्यादेच्या बरेच खाली आले, की मगच पूर्ण पैसे चुकते करा. मारेकरी म्हणून जो दोष काढला होता त्याची नोंदही बिलावर घ्या.

जुना कन्व्हर्टर मागून घ्या. गॅरेजमध्येच राहू दिला तर त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशात जाते. त्यातल्या भुकटीतल्या प्लॅटिनम गटाच्या धातूंमुळेच गेल्या काही वर्षांत गुजरात आणि महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत मारुती इकोचे कन्व्हर्टरसकट सायलेन्सर चोरीला गेले. चोरांच्या आणि बातम्यांच्या भाषेत त्या भुकटीला ‘माती’ म्हणतात. इको उंच असते, खाली हात सहज पोचतो, काही मिनिटांत काम होतं. काही वेळा डबा जागेवरच असतो आणि आतली माती तेवढी गायब असते, म्हणून अचानक पी०४२० आलेल्या इकोच्या डब्यावर ताजं वेल्डिंग दिसतं का तेही पाहा. शाळेची व्हॅन किंवा प्रवासी इको चालवणाऱ्यांनी रात्री गाडी भिंतीला चिकटवून, उजेडात लावावी. फ्लँजच्या बोल्टांचं डोकं वेल्डिंगने पक्कं करून घ्यावं, आणि डब्यावर गाडीचा नंबर कोरावा. चोरी झालीच तर गाडी दुरुस्तीला नेण्याआधी पोलिसांत फिर्याद द्या, फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी नवा पार्ट बसवला तर दावा अडकतो. जुना कन्व्हर्टर विकताना घेणाऱ्याकडून पावती घ्या, आणि त्यावर तुमच्या गाडीचा नंबर लिहायला लावा.